खालाची तेलाची बाटली

(विमानाने प्रवास करताना हातातील सामानात पातळ पदार्थ किती न्यावेत, याचे काही नियम आहेत. हे नियम का झाले व ते कसे पाळावेत, हे लेखकाने या पाठात एका अनुभवातून सांगितले आहे.)

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीची गोष्ट. माझ्या खालाची मुलगी दुबईला राहते. तिला भेटायला खाला निघाली. तिचा हा पहिलाच विमानप्रवास होता, म्हणून सोबत मीही गेलो.

खाला दरवर्षी घरी केसांचे तेल करते. खोबरेल तेलात माका, जास्वंद आणि मेथी घालून ती ते मंद आचेवर कढवते. मुलीसाठी तिने असेच तेल केले होते. मोठ्या बॅगेत बाटली फुटेल, कपडे खराब होतील, म्हणून तिने ती रुमालात गुंडाळून आपल्या हातातल्या पिशवीत ठेवली.

मुंबईच्या विमानतळावर आमच्या मोठ्या बॅगा विमान कंपनीच्या माणसांनी आधीच ताब्यात घेतल्या. मग सुरक्षा तपासणी आली. खालाची पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. तिथल्या महिला अधिकाऱ्याने बाटली हातात घेतली. तिच्यावर ‘२०० मिली’ असे छापलेले होते.

“मावशी, ही बाटली आत नेता येणार नाही,” ती म्हणाली.

“अगं बेटी, ती अर्धीच तर आहे!” खाला म्हणाली.

“बाटलीत तेल किती आहे, हे आम्ही पाहत नाही. बाटली केवढी आहे, ते पाहतो. ती १०० मिलीपेक्षा मोठी नको. मागे जाऊन ती मोठ्या सामानात देता येते का, ते विचारून पाहा.”

पण वेळ फारच थोडा उरला होता. खालाने बाटली तिथेच ठेवली. ती काही बोलली नाही. रुमालाची घडी मात्र तिने नीट करून पिशवीत ठेवली.

विमानात बसल्यावर तिने मला विचारले, “तेलाने कुणाचे काय बिघडते?”

मी तिला सांगितले, “तेलाने काही बिघडत नाही. पण बाटलीत तेलच आहे, हे कसे ओळखायचे? २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियाच्या एका विमानात स्फोट झाला. विमानातील सर्व ११५ माणसे मरण पावली. त्या वेळी पेयाच्या बाटलीतून पातळ स्फोटक नेले होते. पुढे १० ऑगस्ट २००६ रोजी इंग्लंडच्या पोलिसांनी एक मोठा कट उघड केला. लंडनहून अमेरिका व कॅनडाकडे जाणारी विमाने उडवून देण्याचा तो कट होता. थंड पेयांच्या बाटल्यांत पातळ स्फोटके भरून ती विमानात नेली जाणार होती. तपासणीच्या साध्या यंत्राला पाणी आणि असे स्फोटक यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून त्याच वर्षी अनेक देशांनी हे नियम केले. पुढे ते जगभर पसरले.”

खाला थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “मग त्या मुलीने बरोबरच केले. पण हे मला घरीच कुणी सांगितले असते तर?”

मी खाली मान घातली. तिकिटासोबत सूचना आल्या होत्या. मी शिक्षक असूनही त्या वाचल्या नव्हत्या. चूक बाटलीची नव्हती, खालाची तर नव्हतीच. चूक माझी होती.

मुलांनो, तुम्ही असे करू नका. परदेशी जाणाऱ्या विमानात हातातील सामानासाठी साधारणपणे पुढील नियम असतात :

१. पातळ पदार्थाची प्रत्येक बाटली १०० मिली किंवा त्याहून लहान असावी.

२. अशा सर्व बाटल्या एक लिटर मापाच्या, तोंड बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवाव्यात. एका प्रवाशाला अशी एकच पिशवी नेता येते.

३. तेल, अत्तर, शाम्पू यांप्रमाणेच टूथपेस्ट, क्रीम, जेल व फवारा यांनाही हाच नियम लागू होतो. साबणाची वडी मात्र चालते.

४. प्रवासात लागणारे औषध आणि तान्ह्या बाळाचे दूध नेण्यास सवलत असते. औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी व तपासणीच्या वेळी ते आपणहून दाखवावे.

५. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

काही विमानतळांवर आता नवी यंत्रे आली आहेत. तिथे नियम थोडे सैल झाले आहेत. पण जातानाच्या आणि येतानाच्या विमानतळाचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून दोन्हीकडचे नियम आधी पाहावेत.

पुढच्या वेळी दुबईला जाताना खालाने तेल मोठ्या बॅगेत ठेवले. बाटलीचे झाकण घट्ट लावले, त्यावर चिकटपट्टी लावली आणि ती दोन पिशव्यांत गुंडाळली. तेलाचा एक थेंबही सांडला नाही. निघण्याच्या आदल्या रात्री तिने मला बोलावून सांगितले होते, “आधी त्या सूचना मला मोठ्याने वाचून दाखव. मग बॅग बंद करू.”

शब्दार्थ

पातळ पदार्थ – वाहणारा पदार्थ
आच – विस्तवाची उष्णता
स्फोटक – स्फोट घडवणारा पदार्थ
कट – गुप्तपणे रचलेला वाईट बेत
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असा
सवलत – सूट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालाने तेलाची बाटली हातातल्या पिशवीत का ठेवली?
(आ) बाटली अर्धी असूनही ती आत का नेता आली नाही?

२. कारणे द्या.
(अ) लेखकाने खाली मान घातली.
(आ) “त्या मुलीने बरोबरच केले,” असे खाला म्हणाली.

३. ‘सामान’ व ‘रुमाल’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.

४. तुमची दादी किंवा नानी विमानाने जाणार आहे. तिला सामान कसे भरावे, हे सांगणारे पत्र लिहा.