लॅपटॉप संथ का झाला? एक कारणशोध

मुळशी तालुक्यात एकीकडे हिंजवडीचे आयटी पार्क उभे आहे. दुसरीकडे त्याच तालुक्यातील आमच्या वसतिगृहात एका जुन्या लॅपटॉपवर अनेक मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अवलंबून असतात. गेल्या पावसाळ्यात तो इतका संथ झाला की, सुरू होण्यासच सात-आठ मिनिटे लागू लागली. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती. कोणी म्हणाले, "व्हायरस शिरला." कोणी म्हणाले, "भंगारात द्या." आम्ही इतिहासाचे शिक्षक, पुरावा तपासल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढे आम्हांस ठाऊक. म्हणून आठवीच्या मुलांना वही घेऊन सोबत बसविले.

प्रथम प्रश्न नेमका केला. संथपणा केव्हा जाणवतो? केवळ इंटरनेटवर जाणवत असेल, तर दोष जोडणीचा असू शकतो. बऱ्याच वेळाच्या कामानंतर जाणवत असेल, तर उष्णतेचा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. आमचा लॅपटॉप मात्र सुरुवातीपासूनच अडखळत होता.

मग 'रीस्टार्ट' केले. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शटडाउन' करूनही प्रणालीची काही जुनी अवस्था डिस्कवर जपली जाते. 'रीस्टार्ट'मध्ये ती नव्याने उभी राहते. तरी फरक पडला नाही. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. इतिहासकाराला दप्तरखाना, तसा हा आम्हांला. मुलांनी नोंदविले : सीपीयू १५ टक्के, मेमरी ९२, डिस्क १००.

अर्थ असा की, प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. काम डिस्कपाशी तुंबले होते. रॅम अवघी ४ जीबी. ती भरत आली की विंडोज काही मजकूर हार्ड डिस्कवर हलविते, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मजकूर शोधण्यात रॅमपेक्षा सुमारे लाखपट मागे असते. टेबल लहान असल्याने प्रत्येक पुस्तकासाठी खाटेखालची पेटी उघडावी लागावी, तसे हे झाले.

पण पेटी इतक्यांदा उघडत होते कोण? यादी वाचताना एका मुलाने हेरले की, दोन अँटिव्हायरस एकाच वेळी तपासणी करीत आहेत. एक काढून टाकला. दुसऱ्याने पूर्ण तपासणी केली. व्हायरस निघाला नाही. नंतर 'स्टार्टअप'मधील अनावश्यक प्रोग्राम बंद केले. एका वेळी एकच बदल करावयाचा आणि त्याचा परिणाम लिहावयाचा, हा नियम पाळला. अन्यथा गुण कशाने आला, हे कळत नाही. लॅपटॉप तीन मिनिटांत सुरू होऊ लागला. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी भरले गेले. पुढे सर्व फाइलींची प्रत काढून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली. तिला फिरते भाग नसतात. ती कित्येक पटींनी जलद असते.

दोन अँटिव्हायरस हेरणाऱ्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्हीच 'मंद' असा शेरा मारला होता. यंत्रासाठी चार दिवस वही मांडणाऱ्या आम्ही त्या शेऱ्यापूर्वी एकही नोंद केली नव्हती. तो शेरा आम्ही मागे घेतला आहे. तो कोठे व का अडतो, याचा शोध आता त्याच्यासोबत बसून घेत आहोत.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील एका संगणकाचे सीपीयू, मेमरी व डिस्क हे तीन आकडे सलग तीन दिवस नोंदवा. त्यानंतरच कारण सांगा.