गोंदाचे चार थेंब

लॅपटॉपची बिजागरी एका दिवसात मोडत नाही. आधी दोन-तीन महिने सांगत असते. माझी सांगत होती. झाकण उघडताना उजव्या कोपऱ्यात ‘कट्’ असा बारीक आवाज यायचा आणि कीबोर्डच्या वरच्या अंगाला, जिथं स्क्रीन खालच्या भागाला जोडलेली असते तिथं, नखभर फट दिसायची. मी अंगठ्यानं दाबायचे, फट मिटायची. पुढं पुढं दाबूनही मिटेना, तेव्हा चिकटपट्टी लावली. तीही खाकी. घरात कुरिअरची पार्सलं बांधायला आणलेली होती.

मी मंगळवार पेठेत घरूनच हिशेबाची कामं करते. गिऱ्हाइकं बहुतेक उद्यमनगरातली, कुणाचं लेथचं काम, कुणाची शिरोलीला फाउंड्री. आमचा महिना एक तारखेला सुरू होत नाही, ११ आणि २० या दोन तारखांभोवती फिरतो. ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, २० ला कर भरायचं ३बी. त्या जुलैत बाहेर झड लागलेली होती, तारीख १८, रात्रीचे साडेदहा. अजून नऊ जणांचं ३बी भरायचं बाकी होतं. मी नेहमीसारखा कोपरा धरून झाकण वर केलं, आणि या खेपेला आवाज ‘कट्’ असा नव्हता. सुपारी फुटावी तसा होता. स्क्रीनच्या कडेची पट्टी निघून जबड्यासारखी उघडली, आतली बिजागरी दिसायला लागली.

आता इथं कोल्हापूरकराचा एक दोष सांगते. आम्हाला कुठलीही वस्तू दुकानात न्यायचा कमीपणा वाटतो. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळं बिजागरीसारख्या किरकोळ गोष्टीला कोण दुकानात जातंय, असा एक माज अंगात असतोच. ड्रॉवरमध्ये पाच रुपयांची झटपट गोंदाची ट्यूब होती. लॅपटॉप न उघडता, वरूनच, फटीत चार थेंब सोडले, दाबून धरलं आणि झोपले.

त्या चार थेंबांनी काय केलं ते नंतर कळलं. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, आणि जुलैत आमच्या गावात ओलाव्याला तोटा नाही. तो पातळही फार, जिथं सोडतो तिथं थांबत नाही. दोन थेंब सरळ बिजागरीच्या फिरत्या दांड्यावर उतरले, एक स्क्रीनकडं जाणाऱ्या केबलवर आणि एक स्क्रूच्या आट्यांत. सकाळी कडेच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी साय धरली होती. ती काढायला मी मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. साय गेली, पण खालचं प्लास्टिकही मऊ होऊन कापसाच्या बोळ्याला चिकटून आलं. त्यात बहुधा अॅसिटोन असतं आणि लॅपटॉपचं बरंचसं प्लास्टिक अॅसिटोनमध्ये विरघळतं. त्या ठिकाणी आजही हात फिरवला की खरबरीत लागतं.

मग झाकण उघडायला गेले. उघडेना. जोर लावला. बिजागरी फिरली नाही, तिच्या पायाखालचं प्लास्टिकच उखडून आलं, आणि स्क्रीनवर उभ्या हिरव्या रेघा नाचायला लागल्या.

नऊ जणांची विवरणपत्रं मी त्या दिवशी हॉलमधल्या टीव्हीवर भरली. लॅपटॉप टेबलावर जसा होता तसा अर्धवट उघडा ठेवून एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली, बाहेरून माउस लावला. सासूबाईंची मालिका बुडाली. त्या शेजारी बसून पोर्टलचं गोल फिरणारं चक्र बघत होत्या. “हे कधी सुरू होतं गं?” असं त्यांनी दोनदा विचारलं. पण कुणाची बिजागरी ऐन कामाच्या वेळी गेली तर हा उपाय लक्षात ठेवावा: झाकणाला हात न लावता टीव्ही जोडा, काम उरका आणि सगळ्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. दुरुस्तीचं त्यानंतर.

उद्यमनगरातले एक काका माझे जुने गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडली, तरी लेथवर स्वतः उभे राहतात. चलनाची प्रत न्यायला आले आणि टेबलावरचं ते प्रेत त्यांनी पाहिलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी बिजागरीशी वाकून पाहिलं.

“वैनी, बिजागरी मोडलेली न्हाई. तिची जागा मोडलीया.”

मला फरक कळला नाही.

“दाराची बिजागरी मोडती का चौकट कुजती? चौकट. तसंच हाय ह्ये.”

दुकानात बिजागरीला ‘हिंज’ म्हणतात. ती पोलादाची असते आणि क्वचितच तुटते. तिच्या पायात स्क्रू असतात, ते स्क्रू पितळेच्या इवल्याशा बुशांत बसतात आणि ते बुश तापवून प्लास्टिकच्या बारीक खांबांत दाबलेले असतात. बुशाला बाहेरून नर्लिंग असतं, म्हणजे खरबरीत रेघा, प्लास्टिकनं त्याला धरून ठेवावं म्हणून. एवढ्यावर सगळा भार. बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, नाहीतर स्क्रीन हव्या त्या कोनात थांबणार नाही. पण तिच्यातलं ग्रीस वाळलं, धूळ गेली, की ती आणखी घट्ट होत जाते.

“पान्ह्याला पाइप घालून नट सोडवतो का न्हाई आम्ही? तसं तुमी रोज झाकणाचा पाइप करून बुशाला उखडताय.” त्यांनी फूटपट्टी मागितली. झाकणाच्या टोकापासून बिजागरीच्या दांड्यापर्यंत २२ सेंटिमीटर भरलं, दांड्यापासून लांबच्या बुशापर्यंत २. म्हणजे टोकाला एक किलोनं ओढलं की बुशावर अकरा किलोचा उचका. आणि मी कायम उजवा कोपरा धरून उघडणारी, म्हणजे दोन बिजागऱ्यांचा भार एकटीवर. म्हणूनच गोंद कितीही चांगला असला तरी आधी बिजागरी सैल केल्याशिवाय तो टिकत नाही. झटपट गोंद तर काचेसारखा कडक होतो, सोलून निघण्यापुढं त्याचा काहीच पाड लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्या वर्कशॉपात लॅपटॉप उघडला. घरी करणाऱ्यानं हे जरा लक्ष देऊन वाचावं, कारण बिजागरीपेक्षा जास्त नुकसान उघडताना होतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, नुसता झोपवायचा नाही. चार्जर काढायचा. खालचे स्क्रू काढण्याआधी एका थर्मोकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच चित्रात टोचून ठेवायचा. दिसायला सगळे सारखे दिसतात, लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूला फोड आणतो किंवा मदरबोर्डमध्ये घुसतो. मग बिजागरीचं दुःख विसरायला होतं. रबरी पायांखाली एखादा स्क्रू लपलेला असतो, तो राहिला तर झाकण निघत नाही आणि माणूस जोर करतो. कड सोडवायला जुनं एटीएम कार्ड घ्यावं. मी घरी एकदा भाजीच्या सुरीनं प्रयत्न केला होता, त्याची खूण कडेला कायमची आहे.

पाठ निघाली की पहिलं काम बॅटरीची वायर सोडवणं. दुसरं सगळं त्यानंतर. बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली तर मात्र तिथंच थांबायचं. कधी कधी फट बिजागरीमुळं पडतच नाही, फुगलेली बॅटरी खालून ढकलत असते, टचपॅडही वर आलेलं असतं. अशा बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, उचकटायचं नाही. ती जळते. ते काम जाणकाराचं.

मग मोबाइलवर फोटो. बिजागरीजवळून स्क्रीनची केबल आणि वायफायच्या दोन बारीक तारा जातात, त्यांची वाट अगदी ठरलेली असते. परत बसवताना त्या बिजागरीखाली आल्या की पहिल्याच उघडझापीत चिरडतात. माझी केबल आधीच गोंदात अडकून गेली होती. राजारामपुरीतल्या एका दुकानातून दुसरी आणावी लागली, मॉडेल नंबर पाठीच्या स्टिकरवर असतो तो लिहून नेला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एकानं आधी वरची-खालची पूर्ण बॉडी बदलायचे साडेचार हजार सांगितले होते. बॉडी बदलली असती आणि बिजागरी तशीच घट्ट ठेवली असती, तर वर्षाभरात परत तिथंच.

काकांनी बिजागरी हातात घेऊन फिरवली. म्हणजे फिरवायचा प्रयत्न केला. माझा गोंद आत बसला होता. तो टोचून टोचून काढायला पाऊण तास गेला, आणि तेवढा वेळ काका एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दांड्याच्या टोकाला बारीक नट असतो. तो पाव फेरा सोडायचा, फिरवून बघायचं, परत पाव फेरा. एकदम सोडला तर झाकण मान टाकतं आणि टंकताना डोक्यावर येतं. काही बिजागऱ्यांना नट नसतो, रिव्हेट असते. त्यांना ग्रीसचा कण देऊन हलवत राहायचं आणि जादाचं पुसून घ्यायचं. तेल प्लास्टिकवर सांडू द्यायचं नाही, त्यानं प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. दोन्ही बाजू सारख्याच सैल हव्यात, नाहीतर झाकण पिळतं. पोलादच तुटलेलं असेल तर नवी जोडी आणावी. डावी-उजवी वेगळी असते, आणि एकच बदलली तर नवी घट्ट, जुनी सैल असा संसार होतो.

मग बुश बसवणं. इथं माझ्या हातून परत चूक झाली असती. मी अरल्डाइट कालवून बुश नुसते खड्ड्यात बसवायला निघाले होते. काकांनी हात धरला. आधी बुश स्क्रूनं बिजागरीलाच पिळायचे, स्क्रूच्या आट्यांना किंचित ग्रीस लावायचं म्हणजे ते कायमचे चिकटत नाहीत, बिजागरी तिच्या जागी ठेवायची आणि मग बुशांच्या भोवती भरायचं. नाहीतर बुश एका ठिकाणी वाळतात आणि बिजागरीची भोकं दुसऱ्या ठिकाणी. भरण्याआधी प्लास्टिक पॉलिश पेपरनं खरडून घ्यायचं. गुळगुळीत जागेवर काहीही धरत नाही. दोन्ही ट्यूबमधलं अगदी समसमान घ्यायचं, रंग एक होईपर्यंत कालवायचं. पाच मिनिटांत वाळणाऱ्यापेक्षा सावकाश वाळणारं जास्त पक्कं, आणि त्याला पुरतं २४ तास सोडायचं. पावसाळी गारठ्यात त्याहूनही जास्त. मी सोळाव्या तासाला बोट लावून बघितलं, बोटाचा ठसा अजून तिथं आहे.

एका बुशाला मात्र धरायला प्लास्टिकच उरलं नव्हतं. तिथं काकांनी मदरबोर्ड बाहेर काढून ठेवला, कारण भोक पाडताना उडणारा कीस त्यावर पडला तर शॉर्ट होतो, आणि हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं आरपार दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. खालून चपट्या डोक्याचा बोल्ट, आतून वॉशर आणि नट. मी म्हटलं, बाहेरून दिसेल की हो.

“दिसू दे की. ठिगळ दिसल्याशिवाय कापड टिकत न्हाई.”

गॅरंटीत असलेल्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नये. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीची नि गॅरंटीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. ते आधी बघावं. अमेरिकेत २०२१ साली फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं आणलेल्या लॅपटॉपची बिजागरी सुटी विकत मिळते, किती घट्ट हवी ते निवडूनसुद्धा. आपल्या हातात पडणाऱ्या बहुतेक यंत्रांत ती सोय नाही. म्हणून आवाज आला त्याच दिवशी पाठ उघडून नट पाव फेरा सोडणं हे पाच मिनिटांचं काम करायचं. माझं ते तीन महिने राहिलं होतं.

काकांनी मजुरी घेतली नाही. त्या महिन्यात त्यांच्या विवरणपत्राचे पैसे मीही घेतले नाहीत, तेव्हा मात्र ते रागावले.

लॅपटॉप आता झाकणाच्या मधोमध धरून, दोन बोटांनी उघडतो. पाठीवर एक बोल्ट चमकतो. पुढच्या महिन्यात २० तारखेला सकाळी मी कामाला बसले, तर सासूबाई रिमोट हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

“आज टीव्ही लागणार आहे का तुला? नाही, मी आपलं विचारून ठेवते.”