नवी विंडोज टाकली आणि नेट रांगायला लागलं? या क्रमाने चला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि अनेकांनी आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतली. तुम्हीही टाकलीत, आणि आता मुक्त विद्यापीठाचा अर्ज असो की लासलगावचा कांद्याचा भाव, काहीही उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत बसतं. घाबरू नका. नेट तेच, प्लॅन तोच. मग गडबड बहुतेक वेळा नव्या सिस्टिमच्या मांडणीत असते, आणि ती घरबसल्या निघते.

तपासायला एकच पान ठरवून ठेवा. मराठी विकिपीडियावरचं ‘नाशिक’ हे पान घ्या. प्रत्येक पायरीनंतर ते उघडून कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा, म्हणजे पान नव्याने येईल. झटकन आलं की तिथेच थांबा, पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

१. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वाय-फाय ठेवा. हे विसरलात तर पुढची तपासणी फुकट जाते.

२. तेच पान मोबाइलवर उघडा. तिथेही रखडलं तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. राउटर मिनिटभर बंद ठेवून सुरू करा. तरी फरक नसेल तर नेटवाल्याला फोन लावा. मोबाइलवर पटकन उघडलं तर पुढे चला.

३. खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर राइट क्लिक करून तारीख-वेळेची सेटिंग्ज उघडा.

४. टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आहे ना, ते बघा.

५. ‘सिंक नाऊ’ दाबा. तारीख चुकली की सुरक्षित साइट्स उघडतच नाहीत. कॉम्प्युटर बंद केल्यावर घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बदलून घ्या.

६. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल.

७. ‘नेटवर्क’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा. सगळ्यात जास्त नेट खाणारा प्रोग्रॅम आता वर आला. इथे दोन मिनिटं नीट बघा, कारण निम्मं उत्तर इथेच सापडतं. नवी सिस्टिम पहिले काही तास आपली अपडेट्स गुपचूप उतरवत असते, वनड्राइव्ह तुमचे सगळे फोटो वर चढवत असतं, आणि तुमच्या वाट्याला उरलंसुरलं नेट येतं. कोणाचंही काम इथून जबरदस्तीने बंद करू नका. ओळखीचं नाव नसेल तर मुळीच नको.

८. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून सगळी अपडेट्स पूर्ण होऊ द्या. देखभालीसाठी लाइट जायचा वार असेल तर हे काम त्या दिवशी काढू नका. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.

९. ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. त्यात सिस्टिमचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो.

१०. घड्याळाजवळच्या ढगाच्या चित्रावर क्लिक करून वनड्राइव्हचं सिंक २४ तास थांबवा.

११. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडा.

१२. दुसऱ्या कॉम्प्युटरशी देवाणघेवाण करण्याचं बटण बंद करा. तुमच्या नेटवरून इतरांना अपडेट पाठवायचं काही कारण नाही.

१३. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा.

१४. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उलगडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर आलेलाच नाही. मग पान सरकवताना झटके बसतात आणि दोष बिचाऱ्या नेटला लागतो.

१५. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उलगडून वाय-फायच्या नावावर पिवळी खूण आहे का बघा.

१६. यातलं काहीही आढळलं तर तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या साइट्सकडे फिरकूही नका.

१७. राउटरची दोन नावं दिसत असतील तर ५ गीगाहर्ट्झचं निवडा. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे मात्र हे नीट पोहोचत नाही, तिथे २.४ च बरं.

१८. क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडून तेच पान तपासा. इथे वेगात आलं तर एक्स्टेन्शन्सचा घोळ आहे. खात्यात लॉगिन केल्याबरोबर जुनी सगळी एक्स्टेन्शन्स मागून आलेली असतात. ओळखीची नसलेली काढून टाका.

१९. आता लक्ष द्या: पान सुरू व्हायलाच काही सेकंद लागतात आणि मग एकदम उघडतं, असं होतंय का? तर डीएनएस बदला. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज या वाटेने जाऊन ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोरचं ‘एडिट’ दाबा.

२०. ‘मॅन्युअल’ निवडून आयपीव्ही४ चालू करा. आधीचे आकडे दिसत असतील तर कागदावर उतरवा.

२१. पहिल्या चौकटीत १.१.१.१ आणि पर्यायी चौकटीत ८.८.८.८ भरा. कीबोर्ड मराठीवर असेल तर तो आधी इंग्रजीवर आणा, नाहीतर आकडे घेतले जाणार नाहीत.

२२. ‘सेव्ह’ दाबा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे परस्पर करू नका. तिथली अंतर्गत पानं उघडेनाशी होतील.

२३. तरीही जमलं नाही तर शेवटचा उपाय: ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधून ‘नेटवर्क रीसेट’ करा. वाय-फायचा पासवर्ड त्याआधी लिहून ठेवा, कारण कॉम्प्युटर तो विसरणार आहे. डीएनएसही पुन्हा भरावा लागेल.

इथपर्यंत येऊनही पान रांगतंच असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’चा आकडा बघा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर दोष रॅमचा आहे. ४ जीबीवर विंडोज ११ चालते खरी, पण ब्राउझरला जागाच उरत नाही. अशा वेळी नेटचा महागडा प्लॅन घेऊ नका. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते का ते दुकानात विचारा आणि ८ जीबी करून घ्या.