अस्थिक्षयाची पूर्वपरीक्षा : जोखीम कशी ओळखावी, घनतामापन केव्हा करवावे

वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते आणि अस्थी हे वाताचे आश्रयस्थान आहे, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो. इतर धातूंच्या बाबतीत आश्रय व आश्रयी यांची वृद्धी बहुधा एकत्र होते. अस्थी व वात यांचे नाते मात्र याच्या उलट आहे. वात वाढला की अस्थी घटते. म्हणून साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत अस्थिधातूचा विचार करणे हे वैद्याचे कर्तव्यच ठरते. प्रत्यक्ष व्यवहारात हा विचार बहुधा रुग्णाने ‘हाडे दुखतात’ अशी तक्रार केल्यावर सुरू होतो. तोपर्यंत पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो. अस्थिसौषिर्य स्वतः दुखत नाही. दुखतो तो त्यातून झालेला भंग. प्रस्तुत लेखात वेदनेची वाट न पाहता जोखीम कशी ठरवावी, कोणास अस्थिघनतामापनासाठी पाठवावे आणि आलेला अहवाल कसा वाचावा, याचा विचार केला आहे.

शास्त्रातील आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात अस्थिक्षयाची लक्षणे सांगताना केश, लोम, नखे, श्मश्रू व दात यांचे पडणे, श्रम आणि संधिशैथिल्य यांचा उल्लेख केला आहे. अस्थींचे दुर्बल व लघू होणे मात्र त्यांनी मज्जाक्षयात सांगितले आहे, आणि वाग्भटाचार्यांनीही अस्थींचे सौषिर्य मज्जाक्षयाच्याच लक्षणांत घेतले आहे. यास्तव ऑस्टिओपोरोसिस म्हणजे केवळ अस्थिक्षय असे सरळ समीकरण न मांडता, अस्थी व मज्जा या दोन्ही धातूंचा क्षय असे त्याचे आकलन करणे अधिक युक्त ठरते.

येथे एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आधुनिक समीक्षेत, घनतामापन यंत्र हाताशी नसताना उपयोगी पडणाऱ्या शारीरिक चिन्हांची छाननी करण्यात आली. त्यात कमी वजन व पाठीचा बाक यांच्यासह तोंडात २० पेक्षा कमी दात शिल्लक असणे हेही एक सूचक चिन्ह आढळले. दातांची परीक्षा आपल्या शास्त्रात पूर्वीपासूनच आहे. आपण ती विसरू नये, इतकेच.

विषय गंभीर का?

खुब्याचा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक रुग्ण वर्षभरात दगावतो, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडता-फिरता येत नाही. भारतीयांमध्ये हा भंग पाश्चात्त्यांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी होतो, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. मणक्यांच्या भंगांपैकी तर सुमारे दोन तृतीयांश भंग वेळीच ओळखलेच जात नाहीत. रुग्णा ‘पाठ धरली’ असे सांगते, आपण कटिग्रह समजून तैल व गुग्गुळ कल्प देतो, तीन-चार आठवड्यांत वेदना आपोआप उतरते आणि उपचारास यश आले असे दोघांनाही वाटते. वस्तुतः एक मणका दबलेला असतो, आणि एक मणका दबला की पुढचा दबण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते.

चिकित्सालयातील जोखीम-परीक्षा

पुढील परीक्षेस वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि दहा मिनिटे एवढेच साहित्य लागते.

१. प्रश्नपरीक्षा. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडले होते काय? आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता काय? रजोनिवृत्ती ४५ व्या वर्षापूर्वी झाली काय? गर्भाशय व बीजकोश काढले आहेत काय? स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिने वा अधिक काळ घेतल्या काय? आमवात, थायरॉइडचा अतिरेक, वृक्कविकार, जुनाट ग्रहणी, मधुमेह आहे काय? धूम्रपान, मद्यपान? गेल्या वर्षभरात किती वेळा तोल जाऊन पडणे झाले?

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आपल्या राज्यात विशेष महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. बीजकोशही काढले असतील तर त्या दिवसापासूनच अस्थिक्षयास आरंभ होतो. ते ठेवले असले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येण्याचा संभव असतो. अशी चाळिशीतील रुग्णा वयाने तरुण, परंतु अस्थींच्या दृष्टीने प्रौढ समजावी. तिच्याजवळ शस्त्रक्रियेची कागदपत्रे असल्यास ती अवश्य पाहावीत.

२. दर्शन व स्पर्शन. उंची मोजून तारुण्यातील उंचीशी ताडून पाहावी. ४ सें.मी. किंवा त्याहून अधिक घट, अथवा आपल्याच नोंदींत २ सें.मी. घट आढळल्यास मणक्याचा भंग संभवतो. रुग्णास भिंतीस टाचा व पाठ लावून उभे करावे. डोक्याची मागील बाजू भिंतीस टेकत नसेल तर पाठीस बाक आला आहे. बरगड्यांची खालची कडा व कटीचे हाड यांमधील अंतर दोन बोटांहून अधिक नसेल तर तेही मणके दबल्याचे सूचक आहे.

३. ओस्टा निर्देशांक. आठ आशियाई देशांतील रजोनिवृत्त स्त्रियांच्या अभ्यासावरून २००१ मध्ये ही सोपी रीत मांडली गेली. किलोग्रॅममधील वजनातून वर्षांतील वय वजा करावे, आलेल्या आकड्यास ०.२ ने गुणावे व अपूर्णांक सोडून द्यावा. उत्तर −१ पेक्षा अधिक असल्यास जोखीम अल्प, −१ ते −४ असल्यास मध्यम आणि −४ च्या खाली असल्यास तीव्र. उदाहरणार्थ, वय ६८ व वजन ४२ कि.ग्रॅ. असल्यास वजाबाकी −२६, गुणाकार −५.२, म्हणजे निर्देशांक −५ : तीव्र जोखीम. वय ५६ व वजन ६२ असल्यास निर्देशांक १ : अल्प जोखीम. मात्र ही दुसरी स्त्री आमवातासाठी दोन वर्षे प्रेडनिसोलोन घेत असेल, तर हा ‘अल्प’ शब्द निरर्थक होय. ओस्टा केवळ वय व वजन पाहतो. प्रश्नपरीक्षेची जागा तो घेऊ शकत नाही.

४. फ्रॅक्स. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये प्रसृत केलेले हे गणित ४० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तीस पुढील दहा वर्षांत अस्थिभंग होण्याची संभाव्यता टक्केवारीत सांगते. भारतीयांसाठी त्यात स्वतंत्र नमुना आहे आणि घनतेचा आकडा नसतानाही ते वापरता येते. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. पडण्याची वारंवारता व प्रकार दोनचा मधुमेह यांची गणना त्यात होत नाही. म्हणून मधुमेही वृद्धाची जोखीम त्यात कमी दिसते.

घनतामापनास कोणास पाठवावे?

६५ वर्षांवरील स्त्रिया. ७० वर्षांवरील पुरुष. रजोनिवृत्त परंतु ६५ च्या आतील स्त्रियांपैकी वरील एखादे कारण असलेल्या किंवा ओस्टा −१ वा त्याखाली असलेल्या. पन्नाशीनंतर किरकोळ आघाताने हाड मोडलेली कोणतीही व्यक्ती. रोज ५ मि.ग्रॅ. वा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने घेतलेली व्यक्ती. आणि उंची घटलेला रुग्ण. उंची घटली असल्यास पाठीच्या मणक्यांचे बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्रही काढवावे. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे ‘विरळ’ दिसू लागेपर्यंत सुमारे ३० टक्के खनिज घटलेले असते. त्यामुळे मणक्याचा भंग पाहण्यास ते उपयोगी, परंतु घनता ठरवण्यास निरुपयोगी होय.

योग्य तपासणी म्हणजे खुबा व कटिप्रदेशातील मणक्यांचे डेक्सा. ती वेदनारहित असून दहा-पंधरा मिनिटांत होते व किरणांची मात्रा अत्यल्प असते. आदल्या दिवशी कॅल्शियमच्या गोळ्या बंद ठेवाव्यात. हाच नियम शंख, प्रवाळ, कुक्कुटाण्डत्वक् इत्यादी भस्मांसही लावावा, कारण ही सर्व कॅल्शियमप्रधान द्रव्ये आहेत.

शिबिरांतून टाचेवर यंत्र लावून जी ‘मोफत हाडांची तपासणी’ केली जाते, ती ध्वनिलहरींची असते. त्या आकड्यास डेक्साचे निकष लागू होत नाहीत. कोणास पुढे पाठवावे हे ठरवण्यापुरताच तिचा उपयोग. त्या चिठ्ठीवरून रोगनिदान करणे अथवा औषधांचा संच हाती देणे उचित नाही, हे औषधालय चालवणाऱ्या बंधू-भगिनींनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावे.

अहवालाचे वाचन

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार टी-स्कोअर −१ वा त्याहून वर असल्यास प्राकृत, −१ व −२.५ यांच्या दरम्यान असल्यास अल्पघनता आणि −२.५ वा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजतात. हे निकष रजोनिवृत्त स्त्रिया व पन्नाशीवरील पुरुष यांच्यासाठीच आहेत. त्याहून तरुण व्यक्तीत झेड-स्कोअर पाहावा.

तीन ठिकाणी घोटाळा होण्याचा संभव असतो. पहिले, वृद्धांच्या मणक्यांवर संधिवातामुळे अस्थ्यंकुर वाढलेले असतात किंवा दबलेला मणका घट्ट दिसतो. त्यामुळे मणक्यांचा आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर भर द्यावा. दुसरे, खुबा किंवा मणका किरकोळ आघाताने मोडलेला असेल तर टी-स्कोअर काहीही असला तरी रोग आहेच. तिसरे, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने होणाऱ्या अस्थिमार्दवातही घनता कमी येते. सर्वांगी अस्थिवेदना, मांड्यांतील दौर्बल्य, जमिनीवरून उठताना होणारा त्रास आणि वाढलेले अल्कलाइन फॉस्फेटेज असल्यास तिकडे लक्ष द्यावे. म्हणून डेक्सासोबत रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, टी.एस.एच., ‘ड’ जीवनसत्त्व व रक्तगणना एवढे तरी करवावे. रात्री वाढणारी पाठदुखी, ज्वर, वजनात घट किंवा पांडुता असल्यास क्षयरोग व अर्बुद यांची शक्यता आधी वगळावी.

पुनर्मापन शक्यतो त्याच यंत्रावर करावे. दोन यंत्रांवरील आकड्यांची तुलना करून औषध लागू पडले किंवा पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. चिकित्सा चालू असल्यास एक ते दोन वर्षांचे अंतर सामान्यतः पुरेसे असते.

औषधालयातील दक्षता

सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत आराम’ देणारी, घटकद्रव्ये न लिहिलेली पुडी वा काळी गोळी घेणारे रुग्ण प्रत्येकाच्या पाहण्यात असतात. अशा मालात स्टिरॉइड मिसळल्याचे प्रयोगशाळांच्या तपासणीत वेळोवेळी आढळले आहे. तोंडावर सूज, त्वचेवर सहज उठणारे काळेनिळे डाग, एकाएकी वाढलेली रक्तशर्करा व वजन ही लक्षणे दिसल्यास पुडी मागवून पाहावी. असा रुग्ण ‘आयुर्वेदिक औषध घेतो’ असे सांगतो आणि त्याची हाडे आतून पोकळ होत असतात. दोष मात्र आपल्या शास्त्राच्या माथी येतो. असे औषध एकदम बंद करवू नये. शरीरातील नैसर्गिक स्राव दबलेला असल्याने प्राणावर बेतू शकते. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मात्रा क्रमाने उतरवावी. निनावी माल आपल्या दुकानात न ठेवणे हे या बाबतीतील पहिले कर्तव्य होय.

दुसरी दक्षता वेळेची. थायरॉइडची गोळी व कॅल्शियमयुक्त भस्मे यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. बिस्फॉस्फोनेट गटाची गोळी सकाळी अनशेपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते व त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते. त्या वेळी दूध, भस्म किंवा क्वाथ देऊ नये. वृक्काश्मरी वा वृक्कदौर्बल्य असलेल्यास कॅल्शियमप्रधान कल्प विचारपूर्वकच द्यावेत.

चिकित्सेविषयी थोडेसे

अस्थ्याश्रित व्याधींत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचे बस्ती चरकाचार्यांनी सांगितले आहेत. लाक्षा, कांडवेल, अर्जुन, अश्वगंधा, शतावरी यांचा उपयोग परंपरेने होत आला आहे. तथापि या उपचारांनी प्रत्यक्ष अस्थिभंग टळतात हे दाखवणारे मोठे व दीर्घकालीन अभ्यास अद्याप झालेले नाहीत. म्हणून ज्याचा भंग झालेला आहे किंवा ज्याची जोखीम तीव्र आहे, त्याची आधुनिक औषधे सोडवून केवळ आपल्या कल्पांवर ठेवणे योग्य नव्हे. आपली चिकित्सा तीसोबत चालवावी.

आहारात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांस रोज १००० मि.ग्रॅ. व रजोनिवृत्त स्त्रियांस १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आवश्यक आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. व पेलाभर दुधात सुमारे २४० मि.ग्रॅ. मिळते. व्यायामात चालणे व तोल साधणारे प्रकार उत्तम. मणक्यांचा क्षय असलेल्यास पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन यांसारखी पुढे वाकण्याची आसने सांगू नयेत व पाठीवर जोराचे मर्दन करू नये. या दोहोंनी मणका दबू शकतो.

सारांश

पन्नाशीवरील प्रत्येक रुग्णाच्या पत्रकात पुढील नोंदी वर्षातून एकदा असाव्यात : उंची, वजन, ओस्टा निर्देशांक, दातांची संख्या, भिंतीची परीक्षा, पूर्वीचा अस्थिभंग, रजोनिवृत्तीचे वय, स्टिरॉइडचा इतिहास व वर्षातील पडण्याची संख्या. खर्च काही नाही. पाठदुखी घेऊन आलेल्या साठीतील रुग्णेस तैल देण्यापूर्वी तिची उंची मोजली, एवढ्यानेही एखादा खुबा वाचू शकेल. डेक्सा तालुक्याच्या गावी नसेल, परंतु कोणास तेथवर पाठवावयाचे हे ठरवणारा वैद्य गावोगावी आहे.