अंगावरची खाज आणि पाठीवरची पट्टी



बांधावरचे काँग्रेस गवत फुलावर आले की कित्येकांच्या पापण्या सुजतात, मानेला व कोपराच्या आतल्या बाजूस खाज सुटते. पुढे कातडी जाड, काळपट होते. घरचे म्हणतात, रक्त बिघडले, वांगे सोड, मासळी सोड. बिचारा वर्षभर पथ्य पाळतो आणि रोज सकाळी त्याच बांधावर जातो.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते लोकांच्या नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेला बाधते. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याबरोबर उडतात, त्यामुळे गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो.

गांधीलमाशी चावली की लगेच गांध उठते. ही ॲलर्जी तशी नव्हे. एखादे द्रव्य शरीरातील पांढऱ्या पेशींच्या ओळखीचे झाले, की पुढच्या वेळी त्या एक-दोन दिवसांनी खवळतात. सोमवारी गवत उपटावे, बुधवारी अंग उठावे आणि दोष मंगळवारच्या जेवणाला द्यावा, असे होते ते यामुळेच.

खरे कारण शोधण्यासाठी पॅच टेस्ट असते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ याडासोन यांनी १८९५ साली ती मांडली. अ‍ॅल्युमिनियमच्या लहान वाट्यांत संशयित द्रव्ये ठरावीक प्रमाणात, बहुधा व्हॅसलिनमध्ये कालवून घालतात व पाठीवर चिकटवतात. सुई टोचत नाहीत. पट्टी ४८ तास ठेवायची. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. म्हणून सुगीचे दिवस टाळावेत. पट्टी काढल्यावर डॉक्टर पाठ पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ही दुसरी खेप कोणी चुकवू नये, कारण काही खुणा उशिरा उमटतात. एसटीचे भाडे वाचवायला लोक नेमकी तीच चुकवतात!

जिथे लाली, सूज किंवा बारीक पुळ्या दिसतात, तिथले द्रव्य बाधते असे समजतात. तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. ते द्रव्य रुग्णाच्या रोजच्या कामात येते का, हे जुळवावे लागते. गवंड्याला सिमेंटमधील क्रोमियम, बायकांना खोट्या दागिन्यांतील निकेल किंवा टिकलीचा गोंद, कोणाला केसांचा कलप, तर कोणाला जखमेवर लावलेले मलमच बाधते.

अंग फार उठलेले असताना ही तपासणी करत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर आधी सांगावे, पण स्वतःहून बंद करू नयेत. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनोन्महिने चोळल्याने कातडी पातळ होते, आणि पाठीला ते लावलेले असेल तर निकालही फसतो.

काँग्रेस गवत बाधते असे ठरले, तर ते उपटण्याचे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. त्यानेही हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि फुले येण्यापूर्वीच उपटावे. रुग्णाने शेतातून आल्यावर अंग धुऊन कपडे बदलावेत.

तपासणीला जाताना वापरातले तेल, टिकली, मलम बरोबर न्यावे. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र नेऊ नये, तिच्यावरचे नाव कागदावर उतरवून न्यावे. घरी कोणीही गवताचा पाला किंवा ओले सिमेंट अंगावर बांधून पाहू नये. सिमेंटने कातडी भाजते, आणि पाल्याने नसलेली ॲलर्जीही जडू शकते.