पंक्तीतला वाद आणि शेतातले बोलणे
(शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गांसाठी व तरुण संघासाठी)

वाचन : 1 शमुवेल 19:1-7 आणि 20:24-42

शिक्षक बंधुभगिनींनो, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा वर्ग घेताना पाचवी आज्ञा शिकवणे सोपे वाटते. आज्ञा मुलांना पाठ असते. ती माना डोलावतात आणि त्याच संध्याकाळी घरी आईवडिलांशी कडाक्याचे भांडतात. मग त्यांना दुहेरी त्रास होतो. एक भांडणाचा, आणि दुसरा, आपण आज्ञा मोडली, आता प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसावे, याचा. भांडू नये हे आपण शिकवतो. परंतु भांडण होऊन गेल्यावर त्या उकळत्या मनाचे काय करावे, हे फारसे कोणी शिकवत नाही. हा धडा त्या घटकेसाठी आहे.

डिचोली तालुक्यातील मये गाव बाहेरच्यांना तळ्यामुळे ठाऊक असते. पण त्या भागातील पुष्कळ घरांची चूल खाणींवर चालत असे. बेळगावकडून त्या कामासाठी आलेले एक कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. वडिलांनी कर्ज काढून खनिज वाहणारा ट्रक घेतला होता. 2012 साली गोव्यातील खाणकाम थांबले. मध्ये काही काळ ते चालू झाले, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडले. (अलीकडे लिलावानंतर डिचोलीत काम परत सुरू झाले आहे, पण ही गोष्ट त्या आधीची.) ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. चाकांभोवती गवत वाढले. हप्ते मात्र थांबले नाहीत.

2019 च्या जूनमध्ये थोरला मुलगा दहावी झाला. त्याला आयटीआयमध्ये जाऊन मोटार मेकॅनिक व्हायचे होते. वडिलांचा आग्रह अकरावी सायन्सचा. रात्री सगळे जेवायला बसले होते. बेळगावचे मामाही आले होते. वडील म्हणाले, "माझ्यासारखे हात काळे करून घ्यायचे आहेत का तुला?" मुलगा ताडकन बोलून गेला, "बाबा, तुम्हाला एक ट्रक तरी नीट सांभाळता आला का?"

पंक्तीत कोणी बोलेना. वडिलांनी ताट सारले. मुलगा दार आपटून बाहेर पडला तो तळ्याच्या काठी जाऊन बसला. दहाच्या पुढे आई आणि मामा बॅटरी घेऊन त्याला शोधत आले. पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, "सर, मला तो ट्रक आवडतो. म्हणूनच मेकॅनिक व्हायचे होते. आणि मी नेमके तेच कसे बोललो?" ही हकीकत त्याच्या व त्याच्या वडिलांच्या परवानगीने, नावे न देता लिहीत आहे.

आता वाचनाकडे वळू. योनाथान काही सोळा वर्षांचा नव्हता, तो लढाया केलेला पुरुष होता. तरीही बापाशी वाद कसा पेटतो हे त्याच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. विसाव्या अध्यायात चंद्रदर्शनाची मेजवानी आहे, अबनेर शेजारी बसला आहे, दावीदाची जागा रिकामी आहे. शौल संतापतो, मुलाला त्याच्या आईवरून अपशब्द बोलतो. योनाथान विचारतो, दावीदाने केले तरी काय? उत्तरादाखल भाला येतो. योनाथान रागाने जळत पंक्तीतून उठतो आणि त्या दिवशी अन्नाला शिवत नाही.

आता एकोणिसावा अध्याय उघडा. तोच बाप, तोच मुलगा, विषयही तोच, दावीदाचा जीव. परंतु तेथे योनाथान बापाला शेतात गाठतो. आजूबाजूला दरबारी नाहीत. दावीदाने आपल्यासाठी काय केले याची तो आठवण देतो, आणि शौल ऐकतो, शपथसुद्धा वाहतो. ती शपथ फार दिवस टिकली नाही, हेही मुलांपासून लपवू नका. शांतपणे बोलले की वडील नेहमी पालटतात, असे वचन आपण देऊ शकत नाही. पण शेतात कानावर गेलेली गोष्ट पंक्तीत गेली नाही, एवढे मात्र खरे. चार माणसांसमोर बापाला मागे सरता येत नाही. मुलालाही येत नाही. मयेच्या त्या घरात मामा नसते तर ते वाक्य तोंडातून निघाले असते का, असे मला वाटत राहते.

दुसरी गोष्ट उठून जाण्याची. योनाथान उठला, ही त्याची चूक मला दिसत नाही. राग चढला म्हणजे छाती धडधडते, हात कापतात, आणि त्या वेळी बुद्धी नीट चालत नाही. शिवाय आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पुरता वाढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा सोळाव्या वर्षी आवर कमी पडतो यात नवल नाही. मुलांना सांगा, उठा, तोंडावर गार पाणी मारा, अंगणात फेऱ्या घाला, मनातले सारे कागदावर लिहा. मोबाइलवर मात्र लिहू नका, तेथून ते लगेच दुसऱ्याकडे पोचते. आणि जाताना एवढे सांगून जा : "मी आता बोलू शकत नाही, थोड्या वेळाने येतो." दार आपटणे आणि हे वाक्य, यांत आईच्या रात्रीचा फरक असतो.

योनाथान सकाळी शेतात गेला, मित्राच्या गळ्यात पडून रडला. पुरुषासारखा पुरुष रडला, हे मुलग्यांना मुद्दाम वाचून दाखवा. आणि त्याच अध्यायाची शेवटची ओळ पाहा : तो नगरात परत गेला.

सूर्य मावळण्याआधी राग सोडावा असे पौल इफिसकरांस लिहितो. त्याचा अर्थ रात्रीच्या आत वाद मिटलाच पाहिजे असा मी घेत नाही. थकलेल्या माणसांनी मध्यरात्री मिटवलेला वाद सकाळी पुन्हा उठतो. पण एखादी खूण करता येते. वडिलांना पाण्याचा तांब्या द्यावा, "उद्या बोलू" म्हणावे. अबोला धरू नये. अबशालोम यरुशलेमेत दोन वर्षे राहिला आणि बापाचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे काय झाले ते आपण जाणतो.

भाल्याविषयीही बोलले पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, दारू पिऊन अंगावर येतात, तेथे मुलाने मान राखण्यासाठी बसून राहावे असे शास्त्र सांगत नाही. योनाथान बसून राहिला नाही. अशा मुलाने पाळकांना, शिक्षकांना किंवा विश्वासू नातेवाइकाला सांगावे. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे, आणि जीव नकोसा वाटू लागला तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416. दोन्ही क्रमांक वर्गाच्या फळ्यावर लिहा, कोणाला गरज आहे असे विचारू नका.

पालक हे वाचत असतील तर त्यांना एक माहिती. गोव्यातील शहरी व ग्रामीण भागांतील 12 ते 16 वर्षांच्या 2048 मुलांची पाहणी 2008 साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या एका नियतकालिकात आली. मानसिक विकार शंभरात दोघांपेक्षाही कमी मुलांत आढळले, आणि ज्यांना मुख्य आधार घरच्यांचा वाटत होता त्यांच्यात ते आणखी कमी होते. तेव्हा पोटचे पोर तुमच्याशी भांडते तेव्हाही तुम्हीच त्याचा आधार असता. मुलांना चिडीस आणू नका हे पौलाने बापांनाच लिहिले आहे. हप्त्यांची चिंता मुलावर काढली जाते आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.

वर्गात शेवटी एकच प्रश्न विचारा : तुमच्या घरी शेत कोणते? म्हणजे, आईशी किंवा बाबांशी एकट्याने, सावकाश कोठे बोलता येते? आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, आई भाजी निवडायला बसते तेव्हा. एक म्हणाला, स्कूटरवर मागे बसल्यावर, कारण तेव्हा तोंड दिसत नाही.

मयेच्या त्या मुलाने आठ दिवसांनी वडिलांना ट्रकाच्या बॅटरीचे काही विचारायचे आहे म्हणून बाहेर बोलावले. दोघे ताडपत्री काढून बॉनेटपाशी उभे राहिले. मुलाने त्या रात्रीच्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बारावी कर, त्यानंतर आयटीआयचे पाहू. मुलाला ते पसंत नव्हते. तो अकरावीला गेला, आणि त्या पावसाळ्यात दर रविवारी उपासनेनंतर बापलेक ट्रकाखाली असत.