बंब : डाग द्यावा की मोडीत घालावा?

अर्थशास्त्राच्या तासाला ‘बुडीत खर्च’ आणि ‘वैकल्पिक खर्च’ या संज्ञा मी पाठ केल्या, तेव्हा त्यांचा आमच्या न्हाणीशी काही संबंध येईल असे वाटले नव्हते. ऐन मार्गशीर्षात घरचा तांब्याचा बंब गळू लागला आणि तो संबंध आला. त्या वेळी मी जे आकडे मांडले आणि त्यात जेथे चुकलो, ते येथे देत आहे. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या येणारच.

आमचे घर शनिशिंगणापूरचे. चौथऱ्यावर जाणारे पुरुष पूर्वी थंड पाण्याने अंघोळ करून ओलेत्यानेच देवाला तेल वाहत, हे सर्वश्रुत आहे. पण ती भाविकांची गोष्ट झाली. घरी सहा माणसांना पहाटे ऊन पाणी लागते, आणि ते आजीच्या लग्नातला बंब देत आला. गावात घरांना कवाडे नसतात, त्यामुळे बंबही पडवीत उघड्यावरच. चोराने तो कधी नेला नाही. त्याचा घात पाण्याने केला.

बंबाची रचना साधी आहे. बाहेर पिंप, मधोमध उभी नळी, नळीखाली जाळी. नळीत जाळ पेटतो, तिच्याभोवती पाणी असते, तोटीतून ते काढायचे. विस्तव आणि पाणी यांच्यामध्ये फक्त तांब्याचा पत्रा आणि त्याचे सांधे. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, पण कथील-शिशाचा साधा डाग 183 अंशांच्या पुढे टिकत नाही. तरीही तो चालतो, कारण नळीभोवती पाणी असेपर्यंत पत्रा शंभराच्या फारसा वर जात नाही. पाणी न भरता जाळ केला की डाग सुटलाच.

आमच्याकडे कोरडा बंब कोणी पेटवला नव्हता. मग डाग का सुटला? दादाने बंब उपडा करून ठोकला, तेव्हा पांढऱ्या खपल्या ओंजळभर पडल्या. बोअरचे पाणी जड. त्यात विरघळलेला चुना पाणी तापले की खाली बसतो. नळीच्या बुडाशी, जेथे जाळ सर्वांत तीव्र, तेथेच त्याचा थर जमला होता. चुन्यातून उष्णता नीट जात नाही, म्हणून पाणी असूनही पत्रा तापत गेला. त्याआधीच्या वर्षी एका कारागिराने त्याच जागी साधा डाग देऊन सातशे रुपये घेतले होते. खपल्या त्याने काढल्या नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

दादाचे मत गिझर घेण्याचे. “सातशे घातले ते घातले, आता आणखी घालायचे?” आजीचा युक्तिवाद नेमका उलटा : “सातशे घातलेत, ते वाया घालवायचे?” दोघेही त्याच सातशे रुपयांवर भांडत होते, आणि ते रुपये तर केव्हाच गेले होते! बुडीत खर्च म्हणतात तो हाच. निर्णय करताना तो कोणत्याच पारड्यात धरायचा नसतो. मी हे समजावू लागलो तर आजी म्हणाली, “तुला मास्तरांनी हेच शिकवलं का?”

मग मी वही घेऊन बसलो. सहा माणसे, प्रत्येकी वीस लिटर, म्हणजे 120 लिटर पाणी. थंडीत ते 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचे, तर 2,400 किलोकॅलरी उष्णता हवी. विजेचे एक युनिट 860 किलोकॅलरी देते. वाया जाणारी धरून रोज तीन युनिटे, महिन्याला नव्वद. येथे एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटे स्वस्त, पुढची महाग. आमचा वापर ऐंशीच्या आसपास. म्हणजे गिझरची वीस युनिटे पहिल्या दरात बसतील, उरलेली सत्तर महागात पडतील. सरासरी दर काढून भागत नाही, वाढत्या युनिटाचा दर पाहावा लागतो.

सुके लाकूड किलोला सुमारे 4,000 किलोकॅलरी देते. त्यातला चौथा हिस्सा पाण्याला मिळाला असे धरले, तर रोज अडीच किलो सरपण पुरते. तुराट्या आणि पऱ्हाटी शेतातलीच. मी रकान्यात लिहिले : सरपण, शून्य रुपये.

सौर बंबाचाही विचार झाला, पण शंभर लिटर पाण्याचेच वजन शंभर किलो. आमचे पत्र्याचे छप्पर ते पेलणार नाही.

हिशेब मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती. ती एवढेच म्हणाली, “शून्य का? साडेचारला कोण उठतं?”

मला उत्तर सुचेना. तुराट्या मोडणे, राख काढणे, फुंकर घालणे, पाणी ओतणे, यात तिचा रोजचा पाऊण तास जातो. महिन्याचे बावीस तास झाले, आणि माझ्या वहीत त्यांना रकानाच नव्हता. पाठ केलेला वैकल्पिक खर्च माझ्यासमोर चुलीशी बसला होता. दादा लगेच म्हणाला, “म्हणून तर गिझर!” पण गिझरमध्येही पाणी बोअरचेच जाणार, चुना नळीऐवजी त्याच्या कॉईलवर बसणार. दुखणे पाण्यात होते, भांड्यात नव्हते.

शेवटी बंब नगरला एका तांबटाकडे नेला. त्याने पिंपावर बोटांनी टिचक्या मारून आवाज ऐकला, नळीत बॅटरी धरली. पिंपाचा पत्रा जाड, निकोप; फक्त नळीचे बूड गेलेले. नवे बूड, आणि साधा डाग न देता टाकणखार लावून पितळेचा डाग. तो नऊशे अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे जाळाला दाद देत नाही. मजुरी बावीसशे सांगितली. मोडीत घातला असता तर नऊ किलोंचे पाच हजारांच्या वर आले असते, आणि तेवढा नवा बंब त्याच्या दुकानात चौदा हजारांना होता. पिंप पातळ झाले असते किंवा दोन-तीन ठिकाणी पाझरले असते, तर मी मोडीच्या बाजूने बोललो असतो. एक सांधा गेला म्हणून सगळे भांडे टाकणे मला पटले नाही.

आईने दोन अटी घातल्या. बंबात बोअरचे पाणी ओतायचे नाही, नळाचे साठवून ठेवायचे. आणि पेटवायचे काम आम्हा दोघा भावांचे. दर दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर भरून चुना सोडवतो, त्याची तारीख न्हाणीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. सोमवार ते बुधवार माझी पाळी. पहिल्या आठवड्यात ओल्या तुराट्या घातल्यामुळे धूर झाला आणि आईच उठून आली. आता ती साडेपाचला उठते. दादाच्या पाळीच्या दिवशी पाणी अजूनही कोमटच असते.